बंद केलेली गोळी आणि चालू ठेवलेली गोळी

डॉक्टर ताई, नमस्कार.

आम्ही निफाड तालुक्यातले. साडेचार एकर द्राक्षबाग आहे. मालकांचं वय ४६. दोन वर्षं लागोपाठ माल हाताशी येऊन गेला. एकदा गारपीट झाली, एकदा अवकाळीत मणी तडकले. सोसायटीचं आणि बँकेचं देणं आहे. शिमग्यापासून ते गप्प झाले. बागेत जात नाहीत, जेवण अर्ध्यावर सोडतात, पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतात. दिरानं नाशिकला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डिप्रेशन सांगितलं आणि दोन गोळ्या दिल्या. सकाळी एस्सिटालोप्राम, आणि रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम, ती फक्त पंधरा दिवस. सकाळच्या गोळीनं मळमळ सुरू झाली, पोट बिघडलं, जीव घाबरा व्हायला लागला. नवव्या दिवशी त्यांनी ती बंद केली. "डोक्यात केमिकल घालायचं नाही मला," म्हणाले. रात्रीची मात्र दोन महिने चालू आहे. एकाच्या दोन झाल्या, मेडिकलवाला ओळखीचा आहे. आठवड्यातून तीन-चारदा वर दारूही होते.

दीर म्हणतो, मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालंय, शुगरच्या गोळीसारखी ही जन्मभर घ्यावी लागेल. माझा भाऊ मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो की सेरोटोनिनची गोष्टच खोटी निघाली. सासूबाईंना त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळी करायचाय. एका लॅबचं पत्रक आलंय, मेंदूतली रसायनं रक्तातून तपासून देतो म्हणतात, साडेसात हजार रुपये. करू का टेस्ट? खरं कोणाचं धरू? परवा हे म्हणाले, "मी नसतो तर तुमचं तरी सुटलं असतं." मग म्हणाले, यंदा छाटणी नको, बागच तोडून टाकू.

तुमची एक बहीण

ताई,

तुमच्या पत्रात शेवटी आलेलं वाक्य मी आधी घेते. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल, पण हा भाग आजच वाचा.

"मी नसतो तर" हे त्रासून बोललेलं वाक्य म्हणून सोडून देऊ नका. आज रात्री पोरं झोपली की त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" हेच शब्द वापरा. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, अशी भीती सगळ्यांना वाटते, पण तसं होत नाही. उलट बहुतेक माणसांना कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर "हो" आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर त्यांना एकटं सोडू नका. दिराला बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. खासगी डॉक्टर भेटत नसतील तर नाशिकचं सिव्हिल हॉस्पिटल आहे, तातडीचा विभाग रात्रीही उघडा असतो. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि तो तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता. पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून काही घरं गप्प बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणाऱ्या माणसाकडे तो तीव्र ताणाखाली होता असं धरूनच पाहायचं ठरवलंय, आणि त्याच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

दुसरं काम उद्या सकाळचं. फवारणीची सगळी औषधं घरातून आणि पडवीतून हलवा. दिराच्या घरी कुलपात ठेवा, किल्ली दिराकडे. झोपेच्या गोळ्यांचं पाकीट तुमच्या ताब्यात घ्या. मालकांनी विचारलं तर खोटं कारण सांगू नका, "मला तुमची काळजी वाटते म्हणून हलवलं" एवढंच म्हणा. तो टोकाचा क्षण बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळी विष हाताशी नसलं की माणूस वाचतो. श्रीलंकेनं १९९५ पासून सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर एकेक करून बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर निम्म्याच्याही खाली आला. शेती तीच, कर्जं तीच, बाटली तेवढी कमी झाली. म्हणून कुलपाची गोष्ट मी इतक्या कळकळीनं सांगते आहे.

आता गोळ्या. पंधरा दिवसांपुरती दिलेली गोळी दोन महिने चालली आणि कित्येक महिने चालायला हवी ती नऊ दिवसांत थांबली. माझ्यासमोर येणाऱ्या दर चार-दोन घरांत हे असंच झालेलं असतं. तुमच्या मालकांच्या हट्टाशी त्याचा संबंध कमी आहे. या दोन गोळ्या मेंदूत कशा वागतात ते समजलं की कोणीही हेच का करेल ते दिसतं.

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे. त्याचं काम पेशींना शांत करण्याचं. क्लोनाझेपाम या गाबाचा जोर वाढवते, आणि तेही तासाभरात. म्हणजे गोळी घेतली, डोकं शांत झालं, झोप लागली, सगळं त्याच रात्री. अशी गोळी कोणालाही औषध वाटणारच. अडचण अशी की मेंदू तिची सवय करून घेतो. काही आठवड्यांत तेवढ्याच झोपेसाठी जास्त गोळी लागते, एकाच्या दोन होतात ते त्यामुळे. डिप्रेशन मात्र तिनं हटत नाही. दारूही याच गाबावर काम करते, म्हणून दोन्ही एका रात्री घेतली तर झोप नको इतकी खोल जाऊन श्वास मंदावू शकतो. आणि पहाटे तीनचं ओट्यावर बसणं? लवकर जाग येणं हे डिप्रेशनचं लक्षण आहेच, पण दारूचाही त्यात हात असणार. संध्याकाळी दारूनं दाबलेला मेंदू अंमल उतरताना उलट्या बाजूला झोका घेतो, आणि तो झोका नेमका पहाटे येतो.

मात्र हे वाचून उद्याच ती पाकिटं गटारात टाकू नका. दोन महिने रोज घेतलेली क्लोनाझेपाम एकदम थांबवली तर झोप पार उडते, हात थरथरतात, कधी फिटही येते. डॉक्टर ती पाव-पाव करून कमी करत नेतील. तोवर एवढंच पाळा की दारू आणि ही गोळी एका रात्री नको. पिणं तुम्ही लिहिलंय त्याहून जास्त, रोजचं असेल, तर तेही अचानक न तोडता डॉक्टरांना सांगून तोडायचं.

सकाळच्या गोळीचं सगळं याच्या उलट. तिचा त्रास आधी येतो आणि गुण मागाहून. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन डोक्यात नसतं, आतड्यात असतं. एस्सिटालोप्राम सेरोटोनिनवर काम करते, म्हणून पहिल्या आठवड्यात ती आधी पोटात जाणवते. मळमळ, पातळ शौच, डोकं दुखणं, आणि काहींना तुम्ही लिहिलीत तशी घाबरी घाबरी. बहुतेकांचं हे एक-दोन आठवड्यांत निवतं. गोळी पोटभर खाऊन घेतली, सुरुवात अर्ध्यानं केली, तर त्रास आणखी कमी होतो. मनाला गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज यायला सहा. नवव्या दिवशी माणसाच्या पदरात फक्त त्रास पडलेला असतो. हे आधी कोणी सांगितलं नसेल तर गोळी थांबवल्याचा दोष त्यांना देऊ नका. आम्ही डॉक्टरांनी त्या पहिल्या भेटीत पाच मिनिटं जास्त द्यायला हवीत, आणि गर्दीच्या ओपीडीत ती दिली जात नाहीत, हे मला मान्य आहे.

आता दीर खरा की भाऊ खरा, त्याकडे येते. थोडं मागं जावं लागेल, पण गोष्ट आपल्याच मातीतली आहे.

सर्पगंधा तुम्हाला माहीत असेल. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरच्या तिच्या गुणाबद्दल ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. ते औषध घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागले. पुढे कळलं की रेसरपिन मेंदूतले सेरोटोनिन, डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन यांचे साठे रिकामे करतं. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधल्या एका क्षयरुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देत होते, तर तिथले खंगलेले रुग्ण हसायला-बोलायला लागले. ते औषध हीच रसायनं मोडू देत नाही, असं निघालं. साठा कमी झाला तर उदासी, साठा टिकला तर उभारी. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट या अमेरिकन डॉक्टरांनी हे नॉरअॅड्रेनालिनच्या गटाभोवती नीट मांडलं. सेरोटोनिनबद्दलही तसंच बोललं जाऊ लागलं आणि पुढे सगळं एका ओळीवर आलं: डिप्रेशन म्हणजे सेरोटोनिनची कमतरता. तुमचे दीर म्हणतात ते हेच.

पण हिशोब पुरता जुळला नाही. गोळी घेतल्यावर पेशींच्या फटींतलं सेरोटोनिन काही तासांत वाढतं, मग मन हलकं व्हायला आठवडे का लागावेत? निरोगी माणसांच्या शरीरातलं सेरोटोनिन आहारातून मुद्दाम कमी करून पाहिलं, तर त्यातले बहुतेक उदास झालेच नाहीत. २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजवरचं संशोधन एकत्र तपासून लिहिलं की डिप्रेशन सेरोटोनिन कमी झाल्यानं होतं याला ठोस पुरावा सापडत नाही. तुमच्या भावाचा व्हिडिओ बहुधा यावरूनच निघालाय. तेवढ्यापुरता भाऊ खरा आहे.

तो चुकतो पुढच्या पायरीवर. कारण चुकीचं सांगितलं गेलं म्हणून औषध खोटं ठरत नाही. औषध चालतं की नाही हे वेगळं तपासावं लागतं आणि ते तपासलेलं आहे. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या आंद्रेया चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या एकत्र केल्या, १,१६,४७७ माणसं, २१ औषधं. एकवीसच्या एकवीस औषधं, आत औषधच नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली, तुमच्या मालकांचीही त्यात आहे. फरक सरासरीनं फार मोठा नव्हता, हेही सांगायला हवं. पहिल्याच औषधानं पूर्ण बरं वाटतं असं साधारण तिघांतल्या एकाचं होतं. बाकीच्यांना डोस वाढवावा लागतो, औषध बदलावं लागतं, किंवा सोबत समुपदेशनाची जोड लागते. म्हणजे गोळी उपयोगी आहे, जादूची नाही, आणि ती कमतरता भरून काढत नाही.

मग करते काय? हे मालकांना तुम्हीच समजावून सांगा, त्यांच्याच भाषेत. ऑक्टोबर छाटणी झाली की ते काड्यांना पेस्ट लावतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. आपल्याकडे वेलीला पुरेशी थंडीची झोप मिळत नाही, म्हणून डोळे मागेपुढे होतात आणि पेस्ट ती अडकलेली सुरुवात करून देते. डोळा फुटला नाही म्हणजे वेलीत पेस्टची कमतरता होती, असं कोणताही बागायतदार म्हणणार नाही. पेस्ट लावली त्याच संध्याकाळी फुटवाही कोणी शोधत नाही. आणि पेस्ट लावून बाग तशीच सोडली, पाणी नाही, विरळणी नाही, डावणी-भुरी या रोगांकडे लक्ष नाही, तर घड हाती लागत नाहीत. गोळीचंही जवळपास तसंच आहे. आज आम्हाला बऱ्यापैकी आधारानं एवढं म्हणता येतं की ही औषधं काही आठवड्यांत मेंदूच्या पेशींना नव्या जोडण्या करायला मोकळीक देतात. त्या जोडण्या कशाच्या होणार, ते झोप, हालचाल, माणसं आणि रोजचं काम यांवर ठरतं.

एक कबूल करते. मीही कित्येक वर्षं पेशंटना "तुमचं सेरोटोनिन कमी झालंय" असंच सांगायचे. त्यात एक मोठा फायदा होता. माणसाच्या डोक्यावरची लाज उतरायची. "मी कमकुवत नाही, मला आजार आहे," हे त्याला म्हणता यायचं. मग दिंडोरीकडचे एक शेतकरी चौथ्या महिन्यात मला म्हणाले, "डॉक्टर, टाकी भरली की नाही अजून?" चार महिने ते गोळी नेमानं घेत होते आणि टाकी भरायची वाट पाहत घरात बसून होते. भावाशी बोलणं टाकलेलं, फिरणं नाही, उशिरापर्यंत मोबाइल. गोळीच्या जोडीनं त्यांनी काही करायचं होतं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. माझ्या सोप्या वाक्यानं त्यांना बसवून ठेवलं होतं. त्यानंतर मी ते वाक्य वापरणं सोडलं.

लाज उतरवायला ते वाक्य लागतही नाही. मालक बागेत जात नाहीत, याला घरात-गावात कोणी आळस म्हणत असेल तर थांबवा. डोपामिनला लोक सुखाचं रसायन म्हणतात. त्यापेक्षा त्याचं मोठं काम एखाद्या गोष्टीकडे ओढ वाटण्याचं, तिच्यासाठी उठून हात घालण्याचं आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांवर प्रयोग केले. सरबताची खूण दिसली की माकडाच्या डोपामिनच्या पेशी जाग्या व्हायच्या, आणि खूण दाखवून सरबत दिलंच नाही तर त्याच पेशी एकदम मंद पडायच्या. माकडाचा प्रयोग सरळ माणसाला चिकटवू नये, हे मी जाणते. पण दोन वर्षं घड भरलेले पाहून दोन्ही वेळा रिकाम्या हातानं परतलेल्या माणसाची पावलं बागेकडे का वळत नाहीत, हे मला त्या प्रयोगावरून अधिक समजतं. अशा वेळी "मन लागलं की जाईन" यावर सोडलं तर ते मन लवकर लागत नाही. म्हणून सुरुवात इतकी छोटी करा की मन लागायची गरजच पडू नये. सकाळी तुम्ही दोघं एका ओळीच्या टोकापर्यंत जा आणि परत या. पंधरा मिनिटं. तिथं उभं राहून बागेचं काय करायचं ते बोलू नका. चार दिवसांनी दोन ओळी. आमच्या शास्त्रात ही उपचाराची पद्धत म्हणूनच शिकवतात, आणि सौम्य-मध्यम डिप्रेशनमध्ये तिचा गुण चांगला येतो.

बाग तोडायचा निर्णय मात्र आत्ता होऊ देऊ नका. या आजारात पुढचं काही दिसत नाही, आणि न दिसणं हेच माणसाला खरं वाटतं. नवी बाग उभी करून पीक घ्यायला दोन-तीन वर्षं जातात. यंदा किती एकर छाटायची, खर्च किती झेपेल, ते दीर, तुम्ही आणि बागेचे सल्लागार बसून ठरवा. मालकांना विचारा, पण निर्णयाचं ओझं त्यांच्यावर ठेवू नका. देण्याचं बोलायला बँकेत आणि सोसायटीत दिरानं जावं. कर्जाचा ताण खराखुरा आहे आणि कोणतीही गोळी हप्ता भरत नाही. पण सततच्या ताणानं कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन चढं राहतं, झोप तुटते, तुटलेल्या झोपेनं विचार आणखी काळे होतात, आणि मग बँकेतल्या साध्या कागदावर सही करायलाही हात उचलत नाही. आजार परिस्थितीचा की रसायनांचा, हा वाद म्हणूनच मला फोल वाटतो. गारपिटीची रात्रसुद्धा मेंदूत रसायनांतूनच उतरते.

"डोक्यात केमिकल नको," या त्यांच्या बोलण्याला मी हसणार नाही. स्वतःचं मन आपलं राहावं असं वाटणं रास्त आहे. त्यांना एवढंच दाखवा की चहा, तंबाखू, दारू ही सगळी मेंदूच्या रसायनांतच हात घालतात. चहा झोप आणणारं अॅडेनोसिन अडवतो, तंबाखूतलं निकोटिन थेट पेशींच्या कुलपांत बसतं. एस्सिटालोप्रामनं माणूस दुसरा कोणी होत नाही. तिची नशा नाही, डोस वाढवत न्यायची ओढ नाही. काहींना भावना थोड्या बोथट झाल्यासारख्या वाटतात, आणि पुरुषांच्या शरीरसंबंधांत अडचण येऊ शकते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण या एका कारणासाठी कितीतरी पुरुष गोळी सोडतात आणि बायकोलाही सांगत नाहीत. डॉक्टरांना सांगितलं तर त्यावर उपाय असतो, औषध बदलता येतं. जन्मभराचंही तसंच. पहिल्यांदाच झालेल्या डिप्रेशनमध्ये बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालवतात आणि मग हळूहळू उतरवतात. महिनोन् महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके येतात. म्हणून ती उतरवायचीही डॉक्टरांच्या हातानं.

टेस्ट करू नका. देठ परीक्षणाला तुम्ही पानाचा देठ देता, कारण वेलीचं पोषण त्या देठात दिसतं. मेंदूला असा देठ नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक चाळणी आहे आणि सेरोटोनिन ती ओलांडत नाही. रक्तात सापडतं ते जवळपास सगळं रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेटच्या पेशींत साठलेलं, मुख्यतः आतड्यातून आलेलं. ते कमी निघो की जास्त, मालकांच्या मनाबद्दल त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि साखर तपासा. थायरॉइड मंद असलं किंवा बी-१२ फार कमी असलं तर हुबेहूब अशीच मरगळ येते, आणि ती वेगळ्या औषधानं जाते. या तपासण्या सिव्हिलमध्येही होतात.

सासूबाईंशी भांडू नका. नारायण-नागबळीनं त्यांच्या आणि मालकांच्या मनाला आधार वाटत असेल तर जरूर करा. दोनच अटी घाला. त्या तीन दिवसांतही डॉक्टरांनी सांगितलेली गोळी चुकवायची नाही, आणि विधीसाठी नवं कर्ज काढायचं नाही.

सकाळची गोळी घरच्या घरी पुन्हा सुरू करू नका, आधी डॉक्टरांना भेटा. याच आठवड्यात, आणि या वेळी तुम्ही स्वतः आत जा. पहिल्या भेटीत बहुधा राहून गेलेल्या काही गोष्टी सांगा. दारू किती होते ते खरं सांगा. कधी आयुष्यात उलटे दिवस आले होते का, झोप नको, बोलणं थांबत नाही, पैसा उधळला, मोठमोठे बेत केले, तेही सांगा. तसं असेल तर आजार वेगळा असू शकतो आणि नुसती ही गोळी त्याला चालत नाही. घरात कोणाला असा आजार होता का, हे सासूबाईंना आधी विचारून घ्या. आणि फवारणी ते स्वतः करत असतील तर कोणती औषधं, किती वर्षं, तोंडाला काही बांधून की तसंच, हेही. मज्जातंतू रसायनांतून बोलतात हे ओटो लोवी या शास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये दोन बेडकांच्या हृदयांवर दाखवलं. त्यात सापडलेलं अॅसिटिलकोलिन हे रसायन मोडणारं एन्झाइम ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं अडवून धरतात. शेतात वर्षानुवर्षं ती अंगावर घेतलेल्या माणसाची तक्रार ऐकताना डॉक्टरांना हे ठाऊक असलेलं बरं.

हे सगळं एका कागदावर लिहून न्या, तिथं गेल्यावर निम्मं आठवत नाही. पिशवीत जुनी चिठ्ठी ठेवा, सकाळच्या गोळ्यांचं उरलेलं पाकीट ठेवा, आणि मेडिकलमधून आणलेली क्लोनाझेपामची रिकामी पाकिटंही सगळी घ्या. डॉक्टर ती मोजतील.